लाभ, दोन, तीन

आदिनाथच्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह असायचं, मोहिनीच्या पडद्यावर डॉलरचं. एवढ्याशा खुणेवरून कुणापुढं कोणता शेल उघडा आहे ते दारातूनही कळायचं. शेल म्हणजे संगणकाला टंकून हुकूम द्यायची जागा. टक्का दिसला की समजायचं झेडशेल. डॉलर दिसला की बॅश, नाहीतर त्याच्याही आधीचा साधा शेल. हुकूम बरेचसे तेच, कामंही तीच. फरक होता तो बारीक, आणि बहुतेकांना तो कधी दिसायचाच नाही.

शिरूर कासारच्या बाजारपेठेत, कृषी सेवा केंद्राच्या वरच्या खोलीत ही दोघं बसायची. खाली खताच्या गोण्या, वर तीन संगणक. एक त्याचा, एक तिचा आणि कोपऱ्यातला तिसरा, ज्याच्यापुढं कुणीच बसायचं नाही. त्याला दोघं नुसतं ‘मशीन’ म्हणायची. त्याचा पडदा बहुतेक वेळ बंद असायचा, पण खरं काम तेच करायचं.

भागीदारी सुरू झाली तेव्हाच मोहिनीनं एक नियम घालून दिला होता. हातानं काम करताना ज्याला आवडेल तो शेल वापरावा. मशीनवर जी फाईल ठेवायची ती मात्र साध्या शेलात लिहावी. झेडशेल तिलाही आवडायचा. अर्धा शब्द टंकला की उरलेला तो सुचवतो, स्पेलिंग चुकलं तर ‘असं म्हणायचंय का’ म्हणून विचारतो, जुने हुकूम आठवून देतो. माणूस समोर बसलेला असतो तेव्हा हे सगळं बरं वाटतं, कारण शेल चुकला तरी डोळ्यांना दिसतं आणि हात थांबतो. फाईल चालते तेव्हा समोर कुणी नसतं. तिथं कमी बोलणारा, कुठल्याही मशीनवर सारखाच वागणारा शेल बरा.

“मान्य, बाई, मान्य,” आदिनाथनं हात जोडून म्हटलं होतं. “तुझ्या फायली तुझ्यासारख्याच. मीठ कमी.”

ती हसली होती. शाळेपासून दोघं एका वर्गातली. पुढे ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. होऊन संभाजीनगरहून परत आली, तो इंजिनिअरिंग अर्धवट सोडून. तो बोलायचा, ती लिहायची. जम बसला होता.

मुख्य काम मेंढपाळांच्या संस्थेचं. संस्थेत बारा वाडे होते. भिंतींचे नव्हेत, चालते वाडे: चार-दोन कुटुंबं, त्यांची मेंढरं, ओझ्याची घोडी, कुत्री, कोंबड्या. आज नारायणगडाखालच्या माळावर, आठवड्यानं कुणाच्या तरी रानात, एखादा पार धर्मापुरीकडे. लसीची गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक वाड्याला फोन जायचा, की गाडी कुठल्या फाट्यावर आणि कधी येणार. फोन माणूस करत नसे. मशीनवरची फाईल ठरल्या वेळी आपोआप चाले, यादीतलं एकेक नाव घेई, फोन लावी आणि मोहिनीच्या आवाजातला निरोप वाजवी. ‘राम राम, मी मोहिनी बोलते.’ माळावरच्या बायका त्या आवाजाला उत्तरं द्यायच्या. ‘बोल गं बाय’ म्हणायच्या. एक म्हातारी तर शेवटी ‘जेवलीस का’ असंही विचारायची आणि उत्तर आलं नाही म्हणून रुसायची.

ती फाईल मोहिनीनं लिहिली होती. एक ओळ वाच, फोन लाव, पुढची ओळ वाच, यादी संपली की थांब. मोजणीची तिला गरजच नव्हती.

हे काम पुण्याच्या एका कंपनीच्या कानावर गेलं. दोघांनी तिकडे यावं, हेच मोठ्या प्रमाणावर करावं, असं त्यांचं म्हणणं. आदिनाथ गेल्या दिवाळीच्या आधीपासून मागे लागला होता. मोहिनी ‘बघू’ म्हणायची. मनातून तिला जायचं नव्हतं. हे वाडे, ही माणसं, हे काम तिला पुरेसं होतं. पण नाही म्हणायचं तर ते आदिनाथला म्हणायचं होतं, आणि त्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. दिवाळी गेली, पाडवा गेला, मृग लागला, तरी तिचं बघूच चाललं होतं.

आषाढातल्या एका सकाळी कडूबाई जिना चढून वर आली. बारा वाड्यांतला सगळ्यात जुना वाडा तिचा, म्हणून यादीत पहिलं नाव तिचंच. तिनं काठी दाराला टेकवली आणि उभ्यानंच विचारलं, “तुजा फोन कावून आला न्हाई?”

“कसला, मावशी?”

“लशीचा. नाथाच्या वाड्याला आला, सिदूच्याला आला. समद्यायला आला. मलाच कावून न्हाई?”

मोहिनीनं आपल्या संगणकावर आलेला अहवाल पाहिला. “आला असणार. बारा फोन झालेत, मावशी.”

“झाले आसतील. तुजा आवाज न्हाई आला.” कडूबाई खाली बसली. “गाडी फाट्यावर थांबून गेली म्हणत्यात. आमी खाली वढ्याला व्हतो. तू सांगितल्याबिगर मेंढरं कशाला हालवू? वाट बघत बसलो. तवर हिरवं लागलं तोंडाला. सांजला उड्या मारणारं कोकरू सकाळी पाय ताठ करून पडलेलं. एक झालं, दुसरं झालं. लई खाणारी, गुबगुबीत, तीच गेली समदी.”

आंत्रविषार हा मेंढरांचा रोग असाच येतो, हे मोहिनीला माहीत होतं. कोवळा चारा भरपूर खाणारं, घरातलं सगळ्यात चांगलं कोकरू तो आधी नेतो. त्याच्यासाठीच तर ती लस होती.

आदिनाथ उठला आणि कडूबाईजवळ उकिडवा बसला. “मशीन हाय, आत्या. कवातरी चुकतं. बसा निवांत, आमी बघतो.” मग मोहिनीकडे वळून म्हणाला, “खालून चहा घेऊन ये ना. आत्या चालत आल्यात.”

ती चहा घेऊन आली तेव्हा तो मशीनपुढून उठत होता. “बघितलं,” तो म्हणाला. “वरवर तर काही दिसत नाही.” आणि त्यानं पडदा बंद केला.

दुपारी त्यानं संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव यांना फोन केला. गावातलं मोठं घर, राजकारणातलं वजन. त्यांना सगळे अण्णा म्हणत. फोन ठेवून तो मोहिनीला म्हणाला, “अण्णांना सांगितलं, मोहिनीची जुनी फाईल आहे, कुठंतरी अडली असेल. तू घाबरू नको. होतं गं असं. मी सांभाळून घेतो त्यांना.”

“मी बोलते त्यांच्याशी.”

“आत्ता नको. ते इथंच येणारेत, कडूआत्याला घेऊन. तोवर मशीनला हात लावू नको, नाहीतर म्हणतील मागनं सारवासारव केली.”

तिला ते पटलं. आपल्या बाजूनं कुणीतरी उभं आहे याचं तिला बरंही वाटलं. आणि ते बरं वाटणंच तिला नंतर सगळ्यात जास्त बोचलं.

पुढचे दिवस ती स्वतःच्या फाईलमध्ये चूक शोधत राहिली. तिच्याजवळ मूळ प्रत होती. ती तिनं बॅशमध्ये चालवून पाहिली, साध्या शेलात चालवून पाहिली. यादीत रिकामी ओळ घातली, नावामागे जास्तीची जागा सोडली, फोन नंबर मुद्दाम बिघडवून पाहिला. प्रत्येक वेळी कडूबाईचं नाव पहिलं यायचं. तरी तिचं समाधान होईना. चूक सापडली नाही याचा अर्थ चूक नाही असा होत नाही, हे ती शिकलेली होती. घरी ताटावर बसली की तिला ती ताठ पायांची कोकरं दिसायची आणि ती ताट बाजूला सारायची. आदिनाथ विचारायचा, “सापडलं का काही?” ती मान हलवायची. “सोड ना आता,” तो म्हणायचा. “किती मनाला लावून घेशील.”

अण्णा यायचे त्या दिवशी सकाळीच लसीच्या गाडीवरच्या डॉक्टरांचा निरोप आला. उरलेल्या मेंढरांसाठी गाडी दुसऱ्या दिवशी खास कडूबाईच्या माळावर जाणार होती, तिला तेवढं कळवायचं. मोहिनीला वाटलं, हा फोन मशीनवरूनच जाऊ दे. एकट्या कडूबाईचं नाव घालून चालवलं तर निदान आज काय होतं ते डोळ्यांनी दिसेल. आदिनाथ अजून आला नव्हता. तिनं पडदा चालू केला, फाईल उघडली आणि तिला वाटलं, आपण भलतीच फाईल उघडली.

तिची फाईल एका नजरेत मावायची. ही लांबलचक होती. फोन लागला की हिरवी अक्षरं, नाही लागला की लाल, मध्ये सरकणारी पट्टी. माथ्यावर मात्र लिहिणाऱ्याचं नाव होतं, मोहिनी. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. फाईल कोणत्या शेलात चालवायची ते पहिल्या ओळीत सांगितलेलं असतं. तिथं बॅश लिहिलं होतं. खाली वाड्यांची नावं एका रांगेत मांडलेली, आणि फोन ओळीनं नव्हे तर क्रमांकानं लावलेले. एकपासून बारापर्यंत.

तिनं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

झेडशेल रांगेतली नावं एकपासून मोजतो. बॅश शून्यापासून मोजतो. हीच फाईल झेडशेलात चालवली तर बाराच्या बारा नावं येतील. बॅशमध्ये पहिलं नाव शून्याच्या जागी बसतं आणि एकपासून मोजणाऱ्याला ते कधी भेटतच नाही. शेवटी बाराव्या जागी कुणी नसतं, पण शेल तक्रार करत नाही. कुणालाच फोन न लावता तो बारावा फोन झाला म्हणून मोजतो. अहवालात बारा म्हणजे बाराच.

पण आता पडद्यावर त्या रांगेत बारा नव्हे, तेरा नावं होती. कडूबाईच्या आधी एक जास्तीचं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: लाभ.

लाभ नावाचा वाडा नव्हता. आदिनाथचे वडील हरिबा, त्याचे दादा, आडत बाजारात मापाडी होते. शाळा सुटल्यावर दोघं तिथं जाऊन बसायची. ज्वारीच्या ढिगापुढं हरिबा पायली भरून ओतायचे आणि एका सुरात मोजायचे, ‘लाभ, दोन, तीन, चार’. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आदिनाथच्या कानात ते इतकं बसलेलं की तिसरीत त्यानं फळ्यावरची चित्रंसुद्धा लाभपासून मोजली होती आणि सगळा वर्ग हसला होता, मोहिनी धरून.

शून्याच्या जागी काहीतरी नाव हवं, म्हणजे कडूबाई एकवर सरकते आणि मोजणी जुळते. ते नाव त्याला आपोआप सुचलं असणार. फक्त हरिबांच्या लाभात पायलीभर ज्वारी असायची. ह्या लाभात काहीच नव्हतं.

तिनं फाईलची वेगळी प्रत केली, त्यातून ते नाव काढलं आणि फोन लावण्याऐवजी नुसती नावं पडद्यावर येऊ दिली. पहिलं आलं नाथा, मग सिदू. शेवटी एक रिकामी ओळ. तिनं पुन्हा चालवून पाहिलं. तेच. चूक कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो तिथं नेमकं ठिगळ लावू शकत नाही. आणि मशीनपुढं तो बसला होता ते एकदाच, ती चहा आणायला गेली होती तेव्हा.

जिन्यावर आदिनाथची पावलं वाजली. त्यानं आत येताच उजळलेला पडदा पाहिला.

“हात लावू नको म्हटलं होतं ना मी.”

“ही फाईल कुणाची?”

तो जवळ आला, पडद्यावरचं लाभ त्यानं वाचलं आणि किंचित हसला. “दादांची आठवण, दुसरं काय.”

मग त्यानं खुर्ची ओढली. “पुण्याच्या लोकांना दाखवायला केली होती. तुझी फाईल काय दाखवणार त्यांना? काळ्यावर पांढऱ्या चार ओळी. ही माझ्या लॅपटॉपवर झकास चालली, बाराच्या बारा. म्हटलं, हीच ठेवू इथंपण. मशीन म्हणालं झेडशेल नाही. पहिल्या ओळीतला एक शब्द बदलला, बॅश केलं. चाललं की.”

“चाललं.”

“कुरकुर न करता चाललं, मोहिनी. आतून पहिलं नाव गळतंय ते मला काय स्वप्नात दिसणार होतं?”

“ते नाही विचारत मी. कडूमावशी आल्या त्या दिवशी तुला कळलं. मी खाली गेले तेवढ्यात.”

तो टेबलावरच्या वायरशी चाळा करत राहिला. “लगेच दुरुस्त केलं ना,” तो म्हणाला.

“आणि अण्णांना माझं नाव सांगितलंस.”

“कारण तुझ्यावर ते चिडत नाहीत. माझ्यावर चिडले असते तर काम गेलं असतं, पुण्याला बोभाटा झाला असता. नुकसान कुणाचं? दोघांचं. मी आपला विचार केला.” मग जरा उसळून म्हणाला, “अन् तुझं श्रेय कुठं घेतलं मी? माथ्यावर तुझं नाव तसंच ठेवलंय, बघ की.”

“पुण्याला दाखवलीस त्या प्रतीवर कुणाचं आहे?”

“ते वेगळं. तिथं मी एकटाच गेलतो, मग…”

मोहिनीला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आला नाही. शाळेपासूनचं सगळं एकेक करून तपासून बघावं लागेल, असं काहीतरी वाटलं. “मी इतके दिवस माझ्यात चूक शोधत होते,” ती म्हणाली. “तू समोर बसून विचारत होतास, सापडलं का.”

“सांगणार होतो गं. अण्णांचं एकदा निपटलं की सांगणारच होतो.”

खालून अण्णांच्या गाडीचा आवाज आला. ते वर आले, मागून कडूबाई. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हां, मोहिनीताई. घावलं का काय?”

“अण्णा, ते जुन्या फाईलचं मी तुम्हाला बोललो होतो,” आदिनाथनं सुरुवात केली. “मोहिनीनं आता सगळं…”

“सापडलं,” मोहिनी म्हणाली. “फाईल जुनी नव्हती. आदिनाथनं नवी लिहून ठेवली होती. त्याच्या लॅपटॉपवर मोजणी एकपासून होते, ह्या मशीनवर शून्यापासून. तो एकपासून मोजत गेला, त्यामुळे पहिलं नाव राहिलं.”

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. “म्हंजे ही बाई शून्यावर बसलेली, आन् ह्यो एकपासनं हाका मारीत सुटला?”

“हो.”

“आन् हे ह्याला ठाव व्हतं?”

“आधी नव्हतं. मावशी इथं येऊन बसल्या तेव्हा कळलं.”

आदिनाथ म्हणाला, “अण्णा, मी त्याच मिनिटाला दुरुस्त केलंय. विचारा तिला.”

“तुला न्हाई इचारलं बे.” अण्णांचा आवाज चढला नव्हता. “मला फोनवर काय सांगत व्हतास तू? मोहिनीची फाईल, मोहिनीची फाईल.”

कडूबाईनं त्या दोघांकडे लक्ष दिलं नाही. ती मोहिनीकडे बघत होती. “मंजी तू फोन लावलाच न्हाई?”

“लागला नाही, मावशी. मशीनवर काय ठेवलंय ते मी उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही.”

“कावून?”

“ह्याच्यावर विश्वास होता म्हणून.”

कडूबाईनं नाकानं श्वास सोडला. पदरानं तोंड पुसलं. “माजी तर तुज्या आवाजावर मेंढरं बसलेली,” ती म्हणाली. त्यात दोष किती आणि माया किती, हे मोहिनीला ओळखता आलं नाही.

“गाडी उद्या तुमच्या माळावर येतेय,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच. हे मी तोंडानं सांगते आहे.”

“येऊ दे. राह्यली तेवडी तर राहू देत.”

खाली दुकानात गोण्या उतरवत होते, त्याचे धप्प आवाज वर येत होते. शेवटी अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. “झालं ते झालं. मला एक सांगा. तुमी दोगं पुण्याला जाणार म्हणून ह्यो वरीसभर कानाशी लागलाय. तुमी गेल्यावर ह्या बाराजणांना हाक कोण मारणार? जायचं का ऱ्हायचं, ते आज मोकळं बोला.”

“आम्ही दोघं बसून ठरवतो, अण्णा,” आदिनाथ घाईनं म्हणाला. “दोन दिवसांत कळवतो. मोहिनीला जरा शांत होऊ द्या. तिचं तसं जमतच आलंय, फक्त…”

“आदिनाथ,” मोहिनी म्हणाली. तो थांबला. तिनं त्याच्याकडे नीट, सरळ पाहिलं, जसं ती गेले कित्येक दिवस पाहू शकली नव्हती.

“मी पुण्याला येणार नाही. आणि आजपासून तुझ्याबरोबर कामही करणार नाही.”